हिंदूरावांचा घरातला आवाज

हिंदूराव खोत माइकसमोर उभे राहिले, की आमच्या बोरजाईच्या मैदानात शेजारच्याशी बोलायची सोय उरत नसे. खाली लाल मातीत दोन पैलवान एकमेकांच्या मानेवर हात टाकून फिरत असायचे, हलगी कडाडत असायची, आणि त्या सगळ्यावरून हिंदूरावांचा आवाज यायचा: "पट काढला! पट काढला! आरं सोडू नगंस त्याला, तुजी आई बघतीया त्या गच्चीवरनं!" लोक माना वळवून बघायचे, आणि पैलवानाची आई खरंच गच्चीवर असायची. हिंदूराव आदल्या दिवशी सगळी चौकशी करून ठेवत.

तोवर कुस्तीत बरीच यंत्रं आली होती. खांदे मातीला टेकले की नाही हे सांगणाऱ्या पट्ट्या पैलवानांच्या पाठीला चिकटवत, पंचांच्या डोक्यावर कॅमेरे घिरट्या घालत. एका वर्षी कमिटीनं निवेदनालाही यंत्र लावून पाहिलं. त्यानं एकही नाव चुकवलं नाही, एकही डाव चुकवला नाही, आणि निम्मं मैदान उठून भेळेच्या गाड्यावर गेलं. पुढच्या वर्षी कमिटी नारळ घेऊन हिंदूरावांच्या दारात हजर.

ही गोष्ट त्या आवाजाची आहे. आणि जरा रुक्ष वाटेल, पण आरोग्य विम्याचीही आहे. माणसानं कुठल्या डॉक्टरकडं जायचं आणि ते कुणी ठरवायचं, हा प्रश्न वरवर कारकुनी वाटतो. आमच्या गावात त्याची गाठ एका माणसाच्या जिवाशी पडली.

हिंदूरावांची मुलगी तेजस्विनी पुण्यात एका विमा कंपनीच्या मदतकक्षात होती. आमच्या सांगली जिल्ह्यातले फोन तिच्याकडं जात. राज्यातल्या बहुतेक घरांना तोवर आरोग्य विमा मिळाला होता, आणि बहुतेक घरांना तो कळत नव्हता. तेजू दिवसभर तेच समजावून सांगायची.

"काका, तीन प्रकार आहेत. 'उंबरठा' योजना असेल तर आधी घरच्या डॉक्टरकडं जायचं. पुढं तज्ज्ञाकडं पाठवायचं का, आणि कुठल्या, ते ते डॉक्टर ठरवणार आणि चिठ्ठी देणार. चिठ्ठीशिवाय तज्ज्ञाचा खर्च मिळत नाही. 'वेस' योजनेत चिठ्ठी नको, पण कंपनीनं आखलेल्या वेशीच्या आतलेच दवाखाने. बाहेर पाय टाकला की तुमचं तुम्ही बघायचं. आणि 'मोकळीक' म्हणजे कुठंही जा, कुणालाही दाखवा, विचारायचं नाही कुणाला. हप्ता तेवढा भारी. अपघात झाला, छातीत कळ आली, शुद्ध गेली, तर तिन्ही योजनांत थेट जायचं, चिठ्ठी कुणी मागत नाही."

"मग बाई, चांगली कुठली?" असं पलीकडून हमखास विचारत. याचं उत्तर द्यायची तिला मुभा नव्हती. पण मनातून ती पक्की मोकळीकवाली होती, आणि त्याला कारण तिच्या आबांचा गुडघा.

हिंदूराव साखर कारखान्यातून निवृत्त झाले तेव्हा त्यांना उंबरठा योजना मिळाली, आणि उंबरठ्यावर बसल्या होत्या डॉ. शमीम मुजावर. आख्खी बोरजाई त्यांना मॅडम म्हणते. उंची बेताची, चष्मा जाड, आणि बोलणं असं की आजार आधी घाबरावा. गुडघा दुखायला लागला तेव्हा हिंदूरावांना मिरजेच्या मोठ्या डॉक्टरला दाखवायचं होतं. मॅडमनी गुडघा दोन्ही हातांनी वळवून पाहिला आणि चिठ्ठी द्यायला साफ नकार दिला. "मिरजेला जाऊन काय करणार? ते फोटो काढतील, तुम्ही घाबराल. मी सांगते तो व्यायाम करा, आणि जेवल्यावर झोपणं बंद करा."

हिंदूराव पाय आपटत घरी आले. गुडघ्यानं ते आपटणं सहन केलं, म्हणजे मॅडमचं बरोबर होतं. पुढं गुडघा बरा झाला, पण राग राहिला. तेजूला तर बापाला कुणी दाराशी अडवलं हेच खपलं नाही. नोकरीत बढती मिळाल्यावर तिनं पहिलं काम केलं ते आबा-आईला स्वतःच्या मोकळीक योजनेत घ्यायचं.

हिंदूरावांनी ते पारावर चार वेळा सांगितलं. "आता आपल्याला कुणाच्या चिठ्ठीची गरज न्हाई. लेकीनं दार उघडून दिलंय." आणि त्या दिवसापासून मॅडमच्या दवाखान्यावरून जायचं टाळायला लागले. बाजाराला जाताना लांबची, बोळातली वाट धरायची. माणूस अभिमानानं बोलतो एक आणि लाजेनं चालतो दुसरीकडून.

मोकळीक योजना घेतली की वाटाड्यात नोंद करावी लागे. वाटाड्या म्हणजे ग्रामपंचायतीच्या पडवीत बसवलेली काचेची खोली. आत खुर्ची, एक पडदा आणि एक माइक. त्यामागचं शास्त्र मोठं सुंदर होतं. आपण बोलतो ते गळ्यातल्या दोन स्वरतंतूंच्या जोरावर. ते एकमेकांना टेकतात, थरथरतात, आणि त्यातून आवाज निघतो. त्यातला एक किंचित जरी ढिला पडला तरी फटीतून वारा गळतो. ती गळती आपल्या कानाला कळत नाही, वाटाड्याला कळे. लाखो लोकांचे आवाज ऐकून तो तयार झाला होता. बोलण्यातली धाप, जिभेचा जडपणा, शब्दांमधले थांबे यांवरून तो सांगे, की बाबा रे, तुझं दुखणं या तज्ज्ञाच्या वाट्याचं दिसतंय. कित्येकांचे कंपवात त्यानं हात थरथरायच्या आधी ओळखले. असल्या यंत्राला नाव ठेवायची माझी तरी छाती नाही.

त्याची अट एवढीच, की माणसानं नेहमीसारखं बोलावं.

"कृपया आपलं नाव सांगा," वाटाड्या म्हणाला.

समोर माइक पाहून हिंदूरावांची पाठ आपोआप ताठ झाली. छाती भरली. "मी! हिंदूराव बापू खोत! मुक्काम पोस्ट बोरजाई!" पडवीत दाखल्यांसाठी थांबलेली माणसं दचकून उठली. काच म्हणे थरथरली. वाटाड्यानं तो आवाज त्यांचा म्हणून नोंदवून घेतला.

पुढच्या माघात त्यांचा आवाज बसला.

सुरुवातीला थंडी म्हणून सोडून दिलं. मग हळद-दूध, ज्येष्ठमध, काढे. घरात बोलताना आवाज फाटका येई, शब्दांच्या शेवटी वारा सुटे. पाणी पिताना ठसका लागे. चैत्रात बोरजाईचं मोठं मैदान होतं, आणि यंदा महाराष्ट्रभरातून जोड्या येणार होत्या. हिंदूरावांना आवाज हवा होता, आणि तो मैदानाआधी हवा होता.

चिठ्ठीची गरज नव्हतीच. ते थेट वाटाड्यासमोर जाऊन बसले. "काय त्रास होतो?" असं त्यानं विचारलं, आणि माइक तोंडासमोर आल्याबरोबर हिंदूरावांनी पोटातून जोर लावून, मैदानातल्या आवाजात, आवाज बसल्याची तक्रार खणखणीत मांडली. वाटाड्या बिचारा काय करणार? त्याला आढळलं, की हा धंद्यापायी थकलेला पण मुळात दणकट आवाज आहे. त्यानं त्यांना आवाजाचे व्यायाम शिकवणाऱ्या तज्ज्ञाकडं धाडलं.

तो तज्ज्ञ मुंबईहून पडद्यावर भेटे. त्याच्यासमोरही माइक असल्यानं त्यालाही मैदानच ऐकू आलं. त्यानं व्यायाम दिला: भिंतीला तळहात लावून जोरात ढकलायचं आणि पोटातून मोठा "आ" काढायचा. रोज सकाळी खोतांच्या गोठ्यातली म्हैस त्या "आ"ला दचकून दावं ताणायची. पारावर कुणीतरी म्हणालं, ॲसिडिटीनं घसा बसतो. हिंदूराव सांगलीला पोटाच्या डॉक्टरकडं जाऊन आले. गोळ्या सुरू झाल्या. दार उघडं होतं, मनात येईल तिथं जात होते. प्रत्येकानं आपापल्या वाट्याचं बघितलं. घरात बसून या माणसाला आख्खा बघणारं मात्र कुणी नव्हतं.

आणि तेजूचा फोन आला की हिंदूराव खाकरून घसा साफ करत, छाती भरत आणि म्हणत, "बोला तेजस्विनी हिंदूराव खोत! पुणे शहर काय म्हणतंय?" तेजू हसायची. आबा खुशीत आहेत म्हणायची. फोन ठेवला की हिंदूराव कॉटवर बसून धापा टाकायचे, आणि तेजूची आई, मालनवहिनी, पाण्याचा तांब्या पुढं करायच्या.

"पोरीला सांगा की खरं काय ते."

"तिनं एवढं केलंय आपल्यासाठी. तिला घोर कशाला लावायचा?"

शुक्रवारच्या बाजारात बोळातून बाहेर पडताना हिंदूराव नेमके मॅडमच्या समोर आले. मॅडम भजीच्या गाड्यापाशी उभ्या होत्या. रुग्णांना तेलकट वर्ज्य, त्यांना नव्हतं. पळायला जागा नव्हती. हिंदूराव बेसावध होते, म्हणून तोंडातून साध्या आवाजात निघालं, "नमस्कार मॅडम."

मॅडमचा घास हातातच राहिला. "परत म्हणा."

"नमस्कार मॅडम!" आता मैदानातला.

"तो नको. आधीचा. हा आवाज कधीपासून आहे?"

हिंदूरावांनी इकडं तिकडं पाहिलं. मग सगळं सांगून टाकलं. वाटाड्या, मुंबईचा तज्ज्ञ, भिंत ढकलणं, गोळ्या. मॅडम ऐकता ऐकता गंभीर झाल्या.

"वाटाड्याला कुठला आवाज दिला तुम्ही?"

"आवं मॅडम, माइक समोर आला की ते आपोआपच हुतंय."

मॅडमनी कपाळाला हात लावला. वडिलांच्या खांद्यावर बसून त्यांनी लहानपणापासून बोरजाईचं मैदान पाहिलं होतं, आणि दवाखान्यात वर्षानुवर्षं हिंदूरावांच्या तक्रारी ऐकल्या होत्या. या माणसाला दोन आवाज आहेत हे त्यांना ठाऊक होतं. मोठ्या आवाजात जोर असतो. जोरानं धडधाकट तंतू पलीकडच्या लुळ्या तंतूवर जाऊन आदळतो आणि फट झाकली जाते. लहान आवाजाला ते जमत नाही, म्हणून तो खोटं बोलत नाही.

"मालनताईंना घेऊन दवाखान्यात या. आत्ता. आणि ते भिंत ढकलणं आजपासून बंद."

"पण मॅडम, मी तर आता तुमच्या उंबरठ्याचा न्हाई."

"मी विचारलं का?" मॅडम म्हणाल्या आणि भजीचा पुडा त्यांच्या हातात कोंबून पुढं चालायला लागल्या.

घरच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात वाटाड्याचा थोरला भाऊ असतो. पडवीतला फक्त वाट दाखवतो. हा डॉक्टरांशी सल्लामसलत करतो, कारणं सांगतो, डॉक्टर उलटतपासणी घेतात. मॅडमनी त्याचा माइक उचलून टेबलाखाली, नजरेआड ठेवला आणि तसं हिंदूरावांना सांगितलंही. तरी उपयोग होईना. तो कुठंतरी आहे एवढं कळलं तरी पाठ ताठ व्हायची.

शेवटी मॅडमनी हिंदूरावांना टेबलाकडं पाठ करून बसवलं, मालनवहिनींना त्यांच्या पुढ्यात बसवलं आणि स्वतः खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. "मालनताई, तुम्ही घरी बोलता तसं बोला त्यांच्याशी."

मालनवहिनी जरा घोटाळल्या. मग म्हणाल्या, "दमला का वो?"

"न्हाई." आवाज फाटका, वाऱ्यासारखा. "तू जेवलीस का?"

"कवा जेवणार? तुम्ही बाजारातनंच इकडं वडून आणलं."

"भजी हायती बघ पिशवीत. खा थोडी. सकाळधरनं चहावरच हायस तू."

खिडकीपाशी मॅडमनी चष्मा काढून पुसला. माणूस एवढ्या वर्षांच्या बायकोशी या आवाजात बोलतो, आणि गावाला त्याचा पत्ता नाही. टेबलावरच्या पडद्यावर अक्षरं उमटली: डावा स्वरतंतू हलत नाही. गळ्यात कारण सापडेल असं वाटत नाही. छाती पाहावी. उशीर नको.

मॅडमनी कागद ओढून चित्र काढलं. "हे बघा. स्वरतंतू हलवायला मेंदूकडून नस येते. उजवीकडची मानेच्या पायथ्याशी वळून वर जाते. डावीकडची मात्र गळा ओलांडून थेट छातीत उतरते. हृदयातून निघणारी सगळ्यात मोठी रक्तवाहिनी आहे ना, महारोहिणी, तिच्या कमानीला खालून वळसा घालते आणि आल्या वाटेनं पुन्हा गळ्याला जाते."

"एवढ्याशा कामाला एवढा हेलपाटा?" मालनवहिनी म्हणाल्या.

"आईच्या पोटात असताना हृदय मानेपाशी असतं. पुढं ते खाली सरकतं आणि या नसेला बरोबर ओढून नेतं. आता त्या कमानीला फुगा आला, तर तो काय करेल? नस ताणेल."

हिंदूराव चित्राकडं बघत राहिले. "म्हणजे दुखणं छातीत आणि बोंब गळ्यात."

"बरोबर. आणि भिंत ढकलून 'आ' करताना त्या फुग्यावर किती दाब येत असेल, याचा विचार करा."



आता चिठ्ठी. मिरजेला रक्तवाहिन्यांचे सर्जन डॉ. हेरवाडे होते. मोकळीकवाला माणूस त्यांच्याकडं थेट जाऊ शके, पण थेट येणाऱ्यांची रांग मैदान होऊन जाईपर्यंत पुरेल एवढी होती. दुसऱ्या डॉक्टरनं तपासून, कारणासह पाठवलेल्यांसाठी ते रोज काही वेळ राखून ठेवत. मॅडमनी चिठ्ठी भरली आणि यंत्रणेनं ती परत केली: हा रुग्ण आपल्या उंबरठ्यावरचा नाही. तातडीचं दार ठोठावावं, तर त्याला कळ लागते, रक्त लागतं. हिंदूराव पायांवर उभे होते, आणि त्यांच्या अंगाला भजीचा वास येत होता.

मॅडमनी तेजूला फोन लावला. तेजूला फोनवर मॅडमचं नाव दिसल्यावर जरा अवघडल्यासारखं झालं, पण तिनं उचलला. मॅडमनी जुनं काही काढलं नाही. झालं ते आणि हवं ते एवढंच सांगितलं.

"पण मॅडम, मी परवाच बोललेय आबांशी. आवाज तर एकदम..."

"बोला त्यांच्याशी," मॅडम म्हणाल्या. फोन हातात आल्याबरोबर हिंदूरावांची छाती भरायला लागली. मॅडमनी बोट उगारलं. "खबरदार! साधं बोला."

हिंदूरावांनी भरलेला श्वास सोडून दिला. "तेजू," ते म्हणाले. "काय करतीस बाळ?"

पलीकडून तेजूनं विचारलं, "कोण बोलतंय?"

मालनवहिनी सांगतात, त्या दिवसात त्यांना रडू आलं ते तेव्हा. छातीतल्या फुग्याचं ऐकून आलं नव्हतं. लेकीनं बापाला ओळखलं नाही हे ऐकून आलं. आणि हिंदूराव, ज्यांना मैदानात कधी शब्द कमी पडला नाही, ते एवढंच म्हणाले, "मी गं. आबा."

तेजू खरंच हुशार पोरगी. ती रडली, पण रडता रडता तिचं डोकं चालू होतं. मोकळीक योजनेत एक कलम होतं. ते सांगायला ती स्वतः दिवसभर बसायची आणि कुणीच ते वापरत नसे. दार उघडं असलं म्हणून घरात कुणी नसावं असं थोडंच आहे? मोकळीकवाल्यानंही इच्छा असल्यास आपला एक घरचा डॉक्टर नेमावा; मग त्या डॉक्टरची चिठ्ठी उंबरठ्याइतकीच चालते. लोकांना वाटे, विचारायचंच असेल तर मोकळीक कशाला घ्यायची? तिलाही तसंच वाटत आलं होतं. विमा तिच्या नावावर होता, त्यामुळं नेमणूक तिच्या एका होकारावर होणार होती. मॅडमनी फोन ठेवून पडद्याकडं पाहिलं, तेव्हा परत आलेली चिठ्ठी पुढं सरकली होती.

दुसऱ्या दिवशी मिरजेला स्कॅन झाला. महारोहिणीच्या कमानीला फुगा होताच, आणि मोठा होता. डॉ. हेरवाड्यांनी चिठ्ठी पुन्हा वाचली. "ही कुणी पाठवली? नुसत्या आवाजावरून?" मॅडमचं नाव कळल्यावर ते म्हणाले, "त्यांच्याकडून आलेला माणूस चुकीच्या दारात आला असं मला आठवत नाही."

जांघेतून तार सरकवून रक्तवाहिनीच्या आत कापडी नळी बसवायची, म्हणजे रक्त नळीतून जाईल आणि फुग्यावरचा ताण संपेल. लवकरात लवकर. आवाज? डॉक्टरांनी खरं ते सांगितलं. नस फार ताणली गेलीय. जीव वाचेल, आवाज बहुधा असाच राहील.

"मग मैदान झाल्यावर करू," हिंदूराव म्हणाले.

खोलीत तेजू होती, पुण्याहून धावत आलेली. मॅडम होत्या. दोघी एकदम बोलायला लागल्या. हिंदूरावांनी हात वर केला. "तसा न्हाई तर असा आवाज जाणारच हाय. मग एक शेवटचं मैदान गाजवू द्या. माइकसमोर काय झालंच, तर पैलवानाला मातीत मरण येण्यासारखं हाय ते."

मॅडमनी दाबाचा हिशोब सांगितला. तेजूनं हात जोडले. हिंदूरावांना मैदानच दिसत होतं, आणि खोटं कशाला बोला, आम्हालाही त्यांच्याविना मैदान दिसत नव्हतं. कमिटीतल्या एकानं तर त्यांना फोन करून, "बघा, जमतंय का," असं म्हटलंही होतं. लोक किती सहज दुसऱ्याच्या जिवावर हौस करतात.

मालनवहिनी कोपऱ्यात बसल्या होत्या. त्या उठल्या आणि नवऱ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"मैदानातला आवाज गावाचा," त्या म्हणाल्या. "तो गेला तर गाव रडंल आणि दुसरा बघंल. घरातला माझा हाय. जेवलीस का म्हणून इचारतो, त्यो. तो तुम्ही पणाला लावायला निघालाय. मला इचारलं का?"

हिंदूराव डॉक्टरांकडं वळून हळू म्हणाले, "कवा करायचं?"

ऑपरेशन नीट पार पडलं. चैत्रात मैदान भरलं, तेव्हा हिंदूराव शाल पांघरून पहिल्या ओळीत बसले होते, एका बाजूला मालनवहिनी, दुसऱ्या बाजूला मॅडम. माइकवर वैशाली जगदाळे होती, एकेकाळी स्वतः मातीत उतरून भल्याभल्यांना आस्मान दाखवलेली. तिचा आवाज वेगळा होता, ढंग वेगळा. पहिल्याच मोठ्या कुस्तीला ती ओरडली, "वर बघ रे! आजी आलीय तुझी, म्हसवडवरनं, हातात काठी घेऊन!" सगळ्यांनी माना वळवल्या, आणि आजी होती. आदल्या दिवशी हिंदूराव तिच्यासोबत गावभर हिंडून आले होते. त्या दिवशी भेळेच्या गाड्यावर कुणी गेलं नाही.

मॅडमबद्दल काय सांगू? त्यांच्याकडं पूर्वी होतं तेच यंत्र आज आहे, आणि ते साऱ्या राज्यात आहे. पण यंत्राच्या कानाशी कुठला आवाज धरायचा, हे कळणारं माणूस आम्हाला भजीच्या गाड्यापाशी मिळालं. अजूनही त्या चिठ्ठी देत नाहीत तेव्हा लोक पाय आपटत घरी येतात. मीही आलोय. बरा झाल्यावर पुन्हा गेलोय.

हिंदूरावांची मोकळीक योजना तशीच आहे. घरचा डॉक्टर म्हणून मॅडमचं नाव आहे. पारावर आता तेच सगळ्यांना सांगतात, कुठल्या योजनेला चिठ्ठी लागते, कुठं वेस लागते. कुणाचं अडलंच तर मदतकक्षाला फोन लावतात. तिथं फोन करणाऱ्याची ओळख आवाजावरून पटते, आणि त्यांच्या नोंदीत अजून तो पडवी हादरवणारा आवाजच आहे. तेजूनं बदलते म्हटलं, तर त्यांनी बदलू दिला नाही. "राहू दे तेवढा तरी कुठंतरी," म्हणाले.

परवा दुपारी असाच एक फोन तेजूच्या पुढ्यात आला. पडद्यावर सूचना होती: आवाज क्षीण आहे, नोंदीशी जुळत नाही, ओळख पटत नाही. फोन यंत्राकडं वळवायचा का?

"नको," तेजू म्हणाली. "मी ओळखते."

"तेजू," पलीकडून वाऱ्यासारखा आवाज आला. "जेवलीस का?"

"नाही आबा," ती म्हणाली. "आता जेवते."